मूळ संख्यांची गर्दी

डेक्कन क्वीननं दादर सोडलं की डब्यातली हालचाल बदलते. फळीवरच्या पिशव्या खाली येतात, वर्तमानपत्रांच्या घड्या पडतात, आणि खिडकीबाहेरून परळ, करी रोड, चिंचपोकळी भराभर मागं जातात. आज तिथं काचेचे मनोरे दिसतात. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी याच खिडकीतून लालबाग-परळच्या गिरण्यांची धुराडी दिसायची. त्या काळात या गाडीला पुण्याचा एक नेमाचा प्रवासी होता. घर भांडारकर संस्थेच्या रस्त्यावर आणि नोकरी मुंबईत, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये. गाडीत तो वाचायचा, लिहायचा. बोरीबंदरला उतरून संस्थेत जायचा आणि संध्याकाळी परतीची गाडी धरायचा.

हा प्रवासी म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. मराठी वाचक त्यांना ओळखतो तो इतिहासकार म्हणून. प्राचीन भारताच्या इतिहासाला नवी दृष्टी देणारे, कार्ल्याची लेणी पायी धुंडाळणारे, भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे कोसंबी. पण त्यांचा पोटापाण्याचा धंदा गणिताचा होता. मुंबईतल्या नोकरीच्या उत्तरार्धात आणि ती सुटल्यावरही, मृत्यूपर्यंत, एका प्रश्नानं त्यांना सोडलं नाही. तो प्रश्न मूळ संख्यांचा होता. त्यांच्या आयुष्यातलं हे प्रकरण कोणी फारसं सांगत नाही, कारण त्याचा शेवट विजयाचा नाही. मला मात्र ते त्यांच्या सगळ्या कामाच्या मधोमध असलेलं वाटतं.

*

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातल्या कोसबेन गावचा. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर पंडित. हार्वर्ड विद्यापीठानं धर्मानंदांना कामासाठी बोलावलं, तेव्हा १९१८ साली अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर अमेरिकेला गेला. पुढं हार्वर्डमधूनच तो १९२९ साली पदवीधर झाला. भारतात परतल्यावर आधी बनारस, मग अलीगढ. अलीगढला त्यांना बोलावून घेतलं आंद्रे वेल या तरुण फ्रेंच गणितज्ञानं. वेल पुढं विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञांपैकी एक ठरले. कोसंबींना ज्या प्रश्नानं झपाटलं, त्याच प्रश्नाच्या एका भावंडाची उकल वेल यांनी १९४० साली फ्रान्समधल्या तुरुंगात असताना केली होती. ही माणसं एका वर्तुळातली होती, हे ध्यानात ठेवायला हवं. कोसंबी गणितातले हौशी पाहुणे नव्हते.

१९३३ पासून बारा वर्षं त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलं. याच काळात त्यांनी एक विलक्षण उद्योग आरंभला. मौर्यकाळाच्या आगेमागे आपल्याकडं चांदीची आहत नाणी चालायची. त्यांवर राजाचं नाव नसतं, साल नसतं, ठोकलेली चिन्हं तेवढी असतात. अशा नाण्याचं वय ठरवायचं कसं? कोसंबींनी तराजू आणला आणि तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांतली नाणी एकेक करून तोलायला सुरुवात केली. त्यामागचा विचार साधा होता. नाणं हातोहाती फिरलं की झिजतं. एखादं विशिष्ट नाणं किती झिजेल हे कोणीच सांगू शकत नाही. एक नाणं वर्षानुवर्षं मडक्यात पुरलेलं असेल, दुसरं रोज बाजारात जात असेल. पण एका काळच्या शेकडो नाण्यांचं सरासरी वजन घेतलं, तर ते काळाबरोबर नेमानं उतरतं आणि वजनांमधला विखुरलेपणा नेमानं वाढतो. नाण्यांच्या पाठीवर जितकी बारीक चिन्हं जास्त, तितकं सरासरी वजन कमी, हेही त्यांना दिसलं. खात्री पटावी म्हणून त्यांनी चलनात फिरणारी आपल्या काळातली नाणी गोळा करून तीही तोलली.

एकट्या नाण्याला नियम लावता येत नाही, पण नाण्यांच्या ढिगाला तो असतो. हीच नजर घेऊन कोसंबी १९४५ साली मुंबईला आले.

*

होमी भाभांनी उभारलेली संस्था डिसेंबर १९४५ मध्ये मुंबईत सुरू झाली, ती पेडर रोडवरच्या केनिलवर्थ नावाच्या बंगल्यात. गणिताच्या बाजूचे अगदी पहिल्या फळीतले प्राध्यापक म्हणजे कोसंबी. १९४९ साली संस्था गेटवेजवळ, अपोलो बंदरावरच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली आणि पुढची बारा-तेरा वर्षं तिथंच राहिली. खिडकीबाहेर समुद्र, आत फळे आणि खडू. याच शहरात कोसंबींची दुसरी विद्याही छापली जात होती. भर्तृहरीची आवृत्ती १९४८ साली भारतीय विद्या भवनानं काढली, भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा मोठा ग्रंथ १९५६ साली पॉप्युलर बुक डेपोनं काढला, आणि टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे लेख येत होते.

गणिताच्या जगात तेव्हा मूळ संख्यांचे दिवस होते. शाळेत आपण शिकतो: जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानंही पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ अशी ही माळ कधी संपत नाही, हे युक्लिडनं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सिद्ध केलं. पण एखादी भली मोठी संख्या मूळ आहे की नाही, हे ठरवणं महाकठीण काम. २ चा १२७ वा घात करून त्यातून १ वजा केला की ३९ आकडी संख्या मिळते. ती मूळ आहे हे फ्रान्सच्या एदुआर ल्यूकानं १८७६ साली दाखवलं, आणि पाऊण शतक तिचा उच्चांक कोणी मोडू शकलं नाही. मग संगणक आले. १९५१ साली ७९ आकडी मूळ संख्या सापडली. ३० जानेवारी १९५२ च्या रात्री अमेरिकेत स्वॅक नावाच्या यंत्रावर एकाच बैठकीत दोन नवे उच्चांक झाले, आणि त्या वर्षाअखेर ६८७ आकडी मूळ संख्या माणसाच्या हाती आली.

कोसंबींनी ही यंत्रं जवळून पाहिली होती. १९४८-४९ साली ते अमेरिका-इंग्लंडला गेले, तेव्हा गणकयंत्रांची माहिती करून घेणं हा दौऱ्याचा एक भाग होता. त्याच दौऱ्यात त्यांनी शिकागोला भूमिती शिकवली, प्रिन्स्टनलाही काही काळ काढला. पण राक्षसी मूळ संख्या शोधून काढण्याच्या शर्यतीत त्यांना रस नव्हता. एकेका संख्येमागं धावणं म्हणजे एकेका नाण्याचं वय विचारणं. त्यांना ढीग तोलायचा होता.

*

हा ढीग कसा तोलतात, ते समजून घेण्यासारखं आहे.

१ ते १,००० मध्ये १६८ मूळ संख्या आहेत. दहा लाखांपर्यंत ७८,४९८ आणि दहा कोटींपर्यंत ५७,६१,४५५. पुढं जावं तशा त्या विरळ होत जातात. किती विरळ, हे पंधरा-सोळा वर्षांच्या गाऊसनं अठराव्या शतकाच्या शेवटी हेरलं होतं. जरा फावला वेळ मिळाला की तो पुढच्या हजार संख्यांतल्या मूळ संख्या मोजत बसायचा, असं त्यानं म्हातारपणी एका पत्रात लिहिलंय. त्याला आढळलं ते असं: हजाराच्या आसपास सरासरी सात संख्यांमागं एक मूळ संख्या भेटते, दहा लाखांच्या आसपास चौदांमागं एक, शंभर कोटींच्या आसपास एकवीसमागं एक. दर वेळी हजारपट पुढं जा, अंतर सातानं वाढतं. हे अंतर म्हणजे त्या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम. हा नियम १८९६ साली आदामार आणि द ला व्हाले पूसँ या दोघांनी स्वतंत्रपणे सिद्ध केला.

म्हणजे सरासरी कळली. आता तिच्या अवतीभवतीचा विखुरलेपणा किती? गाऊसच्या हिशेबानं दहा लाखांपर्यंत ७८,६२८ मूळ संख्या असायला हव्यात. प्रत्यक्षात १३० कमी आहेत. दहा कोटींपर्यंत फरक ७५४ चा. एवढ्या मोठ्या मोजणीत ही चूक नगण्य वाटते. पण ती पुढं किती वाढू शकते?

जर्मनीच्या बर्नहार्ड रीमाननं १८५९ साली आठ-नऊ पानांचा एक निबंध लिहिला. त्यात त्यानं मूळ संख्यांचा सगळा चढउतार झीटा नावाच्या एका फलनाच्या शून्यस्थानांशी जोडला आणि ती शून्यस्थानं एका सरळ रेषेवरच असावीत असा तर्क मांडला. हेच रीमानचं गृहीतक. ते खरं असेल, तर गाऊसच्या अंदाजातली चूक साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाच्या मापाचीच राहते. दहा लाखांचं वर्गमूळ एक हजार, दहा कोटींचं दहा हजार.

वर्गमूळ म्हटलं की संख्याशास्त्र जाणणाऱ्याचे कान टवकारतात. नाणं दहा लाख वेळा उडवलं, तर छापे बरोबर पाच लाख पडत नाहीत. थोडे इकडे, थोडे तिकडे. हा फरक वर्गमुळाच्याच मापाचा असतो. म्हणजे रीमान सुचवतो ते असं, की ज्यांत दैवाचा लवलेश नाही, ज्यांतली प्रत्येक अनादि काळापासून ठरलेली आहे, त्या मूळ संख्या समूहानं वागतात मात्र उडवलेल्या नाण्यासारख्या.

तक्षशिलेची नाणी तोललेल्या माणसाला हे किती ओळखीचं वाटलं असेल! त्यांनी याच वाटेनं जायचं ठरवलं.

*

जूनच्या पहिल्या सरीचं एक चित्र गिरगावात, परळला चाळीत राहिलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असेल. अंगणात शहाबादी फरशा आहेत आणि टपोरे थेंब पडायला लागलेत. समजा शंभर फरशांवर शंभर थेंब पडले. म्हणजे प्रत्येक फरशीवर एकेक पडला का? मुळीच नाही. साधारण ३७ फरशा कोरड्या राहतात, ३७ वर एकच थेंब पडतो, १८ वर दोन, सहांवर तीन आणि एखाद-दोन फरशांवर त्याहून जास्त. एका थेंबाला दुसऱ्याची खबर नसते, तेव्हा हीच वाटणी होते. पोआसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावानं ती ओळखली जाते. प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेनं मरणाऱ्या शिपायांच्या वार्षिक आकड्यांतही १८९८ साली हीच वाटणी सापडली होती.

कोसंबींनी संख्यारेषेवर अशाच फरशा घातल्या. मूळ संख्या विरळ होत जातात, म्हणून फरशाही त्याच मापानं रुंद करत न्यायच्या: हजारापाशी सातांची फरशी, दहा लाखांपाशी चौदांची, शंभर कोटींपाशी एकवीसची. मग प्रत्येक फरशीच्या वाट्याला सरासरी एक मूळ संख्या येते. आता मोजायचं, कोरड्या किती, एकाच्या किती, दोनाच्या किती.

हा लेख लिहिताना मी तेच करून पाहिलं. दहा लाखांपासून पुढं चौदा-चौदा संख्यांचे ७१ कप्पे पाडले आणि त्यांत मूळ संख्या टाकत गेलो. पहिल्या कप्प्यात एकटी १०,००,००३. दुसरा रिकामा. तिसऱ्यात एकदम तीन: १०,००,०३३, १०,००,०३७ आणि १०,००,०३९. चौथा-पाचवा पुन्हा रिकामे. पुढं १०,००,४५७ नंतर थेट १०,००,५०७. मधली एकोणपन्नासांची सलग ओढ, सगळी कोरडी. शेवटी बेरीज केली तेव्हा ७४ मूळ संख्या भरल्या: रिकामे कप्पे १९, एकाचे ३४, दोनाचे १४, तीनाचे ४. निव्वळ थेंबांच्या हिशेबानं अनुक्रमे २५, २६, तेरा-चौदा आणि चार-पाच यायला हवे होते. दोन-तीनाचे कप्पे जुळले. एकाचे कप्पे जरा जास्त आणि रिकामे जरा कमी, कारण सम संख्या, तिनाच्या पटी, पाचाच्या पटी आधीच बाद असतात आणि ती शिस्त मूळ संख्यांना थोडं समान अंतरावर ठेवते. संख्या वाढतात तशी ही शिस्त सैल होते आणि वाटणी थेंबांच्या जवळ जाते. मला हे मोजायला एक संध्याकाळ लागली. ज्यानं छापील कोष्टकांवर आणि कागदावर वर्षानुवर्षं असं काम केलं, त्याच्या चिकाटीचा अंदाज त्या संध्याकाळी आला.

*

या वर्षांत मुंबई झीटा फलनापासून दूर नव्हती. फेब्रुवारी १९५६ मध्ये टाटा संस्थेनं झीटा फलनांवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरवला. त्या निमित्तानं अॅटले सेल्बर्ग यांचं जे संशोधन प्रसिद्ध झालं, त्यावर पुढच्या पिढ्यांनी केवढी तरी इमारत उभी केली. संस्थेचा गणित विभाग के. चंद्रशेखरन यांच्या हाताखाली जगन्मान्य होत होता. तिथली शिस्त कडक होती: प्रत्येक पायरी सिद्ध, प्रत्येक सांधा घट्ट.

कोसंबी त्याच इमारतीत वेगळ्या वाटेनं चालले होते. १९५८ आणि १९५९ साली त्यांनी आपले निबंध छापले ते इंडियन सोसायटी ऑफ अॅग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्सच्या नियतकालिकात. म्हणजे पीकपाण्याच्या संख्याशास्त्राशेजारी मूळ संख्या. एका परीनं ते शोभणारंही होतं. १९४४ साली जनुकांमधलं अंतर मोजण्याचं जे सूत्र कोसंबींनी दिलं, ते आजही पिकांच्या जनुकांचे नकाशे करताना त्यांच्याच नावानं वापरलं जातं. पण १९५९ च्या निबंधातला दावा लहान नव्हता. रीमानच्या निबंधाला बरोबर शंभर वर्षं होत असताना, संभाव्यतेच्या मार्गानं त्या गृहीतकाची सिद्धता दिल्याचं कोसंबी सांगत होते.

गणितज्ञांनी ती मानली नाही. का मानली नाही, हे कोसंबींविषयी आदर असणाऱ्यांनीही नीट समजून घ्यायला हवं.

संभाव्यतेचा युक्तिवाद सांगतो की यदृच्छेनं निवडलेल्या अनुक्रमांपैकी जवळजवळ सगळे असे वागतात. पण मूळ संख्यांचा अनुक्रम एकच आहे आणि तो कोणी यदृच्छेनं निवडलेला नाही. 'जवळजवळ सगळ्यां'मध्ये तो बसतो की मोजक्या अपवादांमध्ये, हे संभाव्यता सांगू शकत नाही. दादरच्या पुलावरून दर मिनिटाला किती माणसं जातील ते सांगता येतं. त्यावरून अमुक एक माणूस अमुक वेळी पुलावर होता, असं कोर्टात सिद्ध होत नाही.

आणि डोळ्यांना दिसणाऱ्या पुराव्यावर विसंबू नये, हा धडा मूळ संख्यांनीच दिला होता. गाऊसचा अंदाज आजवर केलेल्या प्रत्येक प्रत्यक्ष मोजणीत खऱ्या आकड्यापेक्षा जास्तच निघालाय. कोणीही म्हणेल, तो कायम जास्तच राहणार. पण इंग्लंडच्या लिटलवुडनं १९१४ साली सिद्ध केलं, की पुढं कुठंतरी पारडं फिरतं आणि ते अनंत वेळा फिरतं. हा पालट जिथं व्हावा असं आज मानतात, ती संख्या सुमारे ३१७ आकडी आहे. इतक्या दूरवर कोणाची मोजणी पोचणार? अशा प्रांतात सिद्धतेखेरीज दुसरा दिवा नाही. म्हणून गणितज्ञ निष्ठुर असतात आणि त्यांनी तसंच असायला हवं.

*

१९६२ च्या जानेवारीत संस्थेच्या कुलाब्यातल्या नव्या, देखण्या वास्तूचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. त्याच वर्षी कोसंबींची संस्थेतली नेमणूक संपली. ती पुढं वाढवली गेली नाही. सतरा वर्षांची मुंबईची फेरी थांबली.

काम मात्र थांबलं नाही. १९६३ साली अमेरिकेच्या नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात त्यांचा चार पानांचा निबंध आला. विषय होता मूळ संख्यांचं नमुना-वाटप, म्हणजे फरशा आणि थेंब. लॉगरिदमच्या मापानं पाडलेल्या कप्प्यांत मूळ संख्या पोआसाँच्या वाटणीनं पडतात, हे त्यात त्यांनी मांडलं. काही निबंध त्यांनी एस. ड्युक्रे या टोपणनावानं छापले. १९६४ सालच्या एका निबंधाचं नावच संभाव्यता आणि मूळ संख्या असं आहे. त्याच वर्षी ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मानद शास्त्रज्ञ म्हणून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. आयुष्याच्या अखेरीला त्यांनी मूळ संख्यांवर एक अख्खं पुस्तक लिहून काढलं. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, झोपेतच, त्यांचा अंत झाला. वय अठ्ठावन्न. पुस्तक कधीच छापलं गेलं नाही आणि त्याचं हस्तलिखित आजपावेतो सापडलेलं नाही.

ज्यानं भर्तृहरीच्या एकेका श्लोकासाठी गावोगावची हस्तलिखितं ताडून पाहिली, त्याचंच हस्तलिखित नाहीसं व्हावं, याची हळहळ मनातून जात नाही. त्यात रीमानची सिद्धता नसेलच. पण अशा ग्रंथात चुकीच्या वाटेइतकीच वाटेवर दिसलेली दृश्यं मोलाची असतात.

आणि दृश्य खरं होतं, याला दहा वर्षांत दुजोरा मिळाला. १९७६ साली पॅट्रिक गॅलागर या गणितज्ञानं दाखवलं, की हार्डी आणि लिटलवुड यांनी मूळ संख्यांच्या जुळ्या-तिळ्या समूहांविषयी मांडलेलं अनुमान खरं मानलं, तर लॉगरिदमच्या मापाच्या कप्प्यांतली वाटणी पोआसाँचीच निघते. जे कोसंबींनी मोजून पाहिलं होतं, त्याला आता तर्काचा आधार मिळाला, जरी त्या आधाराखालचं अनुमान अजून सिद्ध व्हायचं आहे. पुढं १९८५ साली हेल्मुट मायर यांनी हेही दाखवून दिलं, की थोडे मोठे कप्पे घेतले तर निव्वळ यदृच्छेचं चित्र कुठं कुठं फसतं. म्हणजे मूळ संख्या थेंबांसारख्या वागतात, पण पूर्णपणे थेंब होत नाहीत. किती होतात आणि किती होत नाहीत, याच सीमारेषेवर आजचं संशोधन चालू आहे. रीमानचं गृहीतक आजही उघडं आहे. २००० सालापासून त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे.

*

आज सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या, ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली, ४,१०,२४,३२० आकडी आहे. ती शोधणं हा पराक्रमच. पण रोजच्या व्यवहारात लागणाऱ्या मूळ संख्या त्याहून कितीतरी लहान, सुमारे तीनशे आकडी असतात. बँकांचे व्यवहार सांभाळणाऱ्या आरएसए नावाच्या कुलूपपद्धतीत अशा दोन मूळ संख्यांचा गुणाकार असतो. त्या मिळवतात कशा? यंत्र एक तीनशे आकडी विषम संख्या यदृच्छेनं उचलतं आणि तपासतं. नसली मूळ, तर दुसरी उचलतं. गाऊसच्या नियमानं तिथं सुमारे सातशे संख्यांमागं एक मूळ संख्या असते, म्हणजे विषम संख्यांत साडेतीनशेमागं एक. तेव्हा काहीशे वेळा हात घातला की ती हाती लागते. तपासणीही बहुधा संभाव्यतेची असते: संख्या मूळ नसूनही परीक्षेत पास होण्याची शक्यता इतकी क्षुद्र, की बँक निर्धास्त झोपते. खात्रीची आणि तरी जलद अशी तपासणी असू शकते, हे आय.आय.टी. कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ साली सिद्ध केलं. पण घाईच्या व्यवहारात यंत्रं अजूनही संभाव्यतेवरच भिस्त ठेवतात.

मूळ संख्यांकडं गर्दी म्हणून पाहायचं, हा कोसंबींचा ध्यास होता. सिद्धतेच्या दरबारात तो ध्यास हरला, आणि ते योग्यच झालं. जे दिसतं आणि जे सिद्ध होतं, त्यांतलं अंतर पार करण्याची घाई त्यांना महागात पडली. पण एकट्या नाण्याला जे विचारता येत नाही ते ढिगाला विचारता येतं, हा विश्वास तक्षशिलेच्या चांदीत खरा ठरला आणि संख्यारेषेवरही. ज्या माणसानं इतिहासात राजांची नावं बाजूला सारून नांगर, नाणी आणि नावं नसलेली माणसं यांच्यापासून सुरुवात केली, त्यानं गणितातही उच्चांकी संख्यांच्या मागं न लागता सगळ्या समूहाचा हिशेब मांडला, यात मला एकच मन दिसतं.

यंदा पहिली सर आली की कोरड्या राहिलेल्या फरशा मोजून बघा. शंभरात सदतीसच्या आसपास भरतील.